नवं आहे का ते नंतर बघू, आधी क्लेममधले शब्द वाचू

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये नवं यंत्र उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "याचं पेटंट मिळेल का हो?" आणि शेजारचा लगेच मोबाईल काढून व्हिडिओ दाखवतो, "असलं तर आधीच निघालंय." दोघांची नजर यंत्रावर असते. पेटंट ऑफिसमध्ये मात्र यंत्राची यंत्राशी तुलना होत नाही. तिथे तुमच्या क्लेममध्ये लिहिलेले शब्द एका बाजूला ठेवतात आणि तुमच्या अर्जाच्या तारखेआधी जगाला कळलेली माहिती दुसऱ्या बाजूला. त्यामुळे क्लेममधल्या शब्दांचा अर्थ पक्का झाल्याशिवाय 'नवीन आहे' किंवा 'नाही' हे दोन्ही अंदाजच असतात.

क्लेम म्हणजे स्पेसिफिकेशनच्या (अर्जासोबत दिलेल्या शोधाच्या पूर्ण वर्णनाच्या कागदाच्या) शेवटी येणारी क्रमांकित वाक्यं. पेटंट कायदा 1970 च्या कलम 10 नुसार ही वाक्यंच हक्काची हद्द ठरवतात. ती स्पष्ट आणि थोडक्यात असावी लागतात आणि वर्णनात जे उघड केलंय त्यावर आधारलेली असावी लागतात. हद्द कुठून कुठे जाते हे माहीत नसताना अतिक्रमण झालं की नाही हे तलाठीसुद्धा सांगू शकत नाही.

आपण एक कल्पित क्लेम घेऊ आणि शेवटपर्यंत तोच वापरू. सांगलीत आहोत, म्हणजे हळद आलीच.

"हळकुंडे पॉलिश करण्यासाठीचे यंत्र, ज्यात आडव्या आसाभोवती फिरणारा छिद्रयुक्त ड्रम, ड्रमच्या आतील बाजूस बसवलेल्या लवचीक घर्षण-पट्ट्या आणि ड्रममधील धूळ खेचून घेणारा पंखा यांचा समावेश आहे."

प्रत्यक्ष अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो. इथे कळायला सोपं जावं म्हणून मराठीत लिहिलाय.

पायरी 1 : क्लेमवर उडी मारू नका, वर्णन आधी वाचा

घाईत सगळे शेवटचं पान उघडतात. सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात, डिसेंबर 1978 मध्ये, उलटी वाट दाखवली आहे: आधी वर्णन वाचा, म्हणजे क्लेममध्ये काय शोधायचं याची मनाची तयारी होते. तो खटला धातूची भांडी बनवण्याच्या पद्धतीचा होता, आणि ते पेटंट नावीन्य आणि कल्पकता या दोन्ही कसोट्यांवर टिकलं नाही. वर्कशॉपवाल्यांनी मुद्दाम वाचावा असा निकाल आहे. त्यातली लेथ आणि तिला भांडं धरायची सोय ही भाषा आपल्या ओळखीची आहे.

वाचताना पेन्सिल हातात ठेवा. "या ठिकाणी अमुक म्हणजे तमुक" अशी व्याख्या, "उदाहरणार्थ" आणि "शक्यतो" हे शब्द, आणि जुन्या यंत्रात काय खटकत होतं तो परिच्छेद, एवढ्यांवर खुणा करा. आपल्या कल्पित वर्णनात समजा असं लिहिलंय: "लवचीक म्हणजे हळकुंडाच्या दाबाने वाकणारी आणि दाब गेल्यावर मूळ आकारात येणारी; उदाहरणार्थ रबर, नायलॉन किंवा पातळ स्प्रिंग पोलाद." आणि आणखी एक वाक्य: "माल पुढे सरकावा म्हणून ड्रमला किंचित उतार देता येतो." ही दोन वाक्यं पुढे सगळा निकाल फिरवतात.

पायरी 2 : क्लेमचे तुकडे करा

एका कागदावर प्रत्येक घटक वेगळ्या ओळीत उतरवा. यंत्र कशासाठी, ड्रम, त्याचा आस, छिद्रं, पट्ट्या, त्यांचा लवचीकपणा, त्या आतल्या बाजूला आहेत हे, पंखा, आणि पंखा धूळ खेचतो हे. क्लेममध्ये आलेला एकही शब्द वाया गेलेला धरायचा नाही. "तो पंखा काही महत्त्वाचा नाही" असं मालक म्हणतात. मग तो क्लेममध्ये घातला कशाला? घातला असेल तर त्याची किंमत दोन्हीकडे, नावीन्य तपासताना आणि उल्लंघन ठरवताना, मोजावी लागते.

पायरी 3 : प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरवा

खरं काम इथे आहे, म्हणून इथे थांबू.

अर्थ कोणाच्या डोळ्यांनी काढायचा? शब्दकोशाच्या नाही, वकिलाच्या नाही आणि संशोधकाच्या मनातलाही नाही. त्या कामातला जाणकार माणूस अर्जाच्या तारखेला तो शब्द कसा वाचेल, हे बघायचं. आपल्या उदाहरणात तो म्हणजे शेतमालावर प्रक्रिया करणारी यंत्रं बनवणारा फॅब्रिकेटर. त्याने ड्रम वळवलेत, शाफ्टला बेअरिंग बसवलंय, काहिलीत शिजून आणि पटांगणात वाळून आलेली हळद हाताळलीय. पीएचडी झालेला शास्त्रज्ञ नको आणि कालच कामाला लागलेला पोरगाही नको.

आता एकेक शब्द घेऊ.

'समावेश आहे.' हा उघडा शब्द आहे. ड्रम, पट्ट्या आणि पंखा असले की बस. शिवाय पाण्याचा फवारा असला, मोटर असली, तरी क्लेमला हरकत नाही. म्हणजे जुन्या कागदपत्रातल्या यंत्रात हे तिन्ही असून वर आणखी चार भाग असले तरी तुमचं नावीन्य गेलं. "त्यांच्या यंत्रात फवारा आहे, आमच्यात नाही" हा बचाव चालत नाही. याउलट 'फक्त यांनीच बनलेले' असं लिहिलं की दार बंद होतं. मिश्रणं, मसाले आणि औषधांच्या क्लेममध्ये हा फरक जीवघेणा ठरतो.

'पॉलिश करण्यासाठीचे.' यंत्राच्या क्लेममध्ये 'साठी' याचा अर्थ बहुधा 'त्या कामाला योग्य' एवढाच घेतला जातो. जुन्या कागदात हळदीचं नावसुद्धा नसेल, तरी ते यंत्र जसंच्या तसं हळकुंडाला चालत असेल तर 'साठी' तुम्हाला वाचवत नाही. युरोपियन पेटंट ऑफिसच्या मार्गदर्शिकेत याचं छान उदाहरण आहे: वितळलेल्या पोलादासाठीचा साचा असा क्लेम असेल तर बर्फाचे खडे पाडायचा प्लास्टिकचा ट्रे त्यात येत नाही, कारण तो पोलाद टाकताच वितळेल. तोच नियम आपल्याकडे लावा. समजा जुन्या कागदातला ड्रम बटाट्यासाठीचा आहे; त्याची छिद्रं एवढी मोठी असतील की हळकुंडं गळून पडतील, तर तो ड्रम हळकुंडासाठी योग्य नाही. छिद्रं बारीक असतील तर तो आपल्या आड येतो.

पद्धतीच्या क्लेममध्ये मात्र 'साठी'ला जास्त वजन येऊ शकतं, कारण तिथे कोणत्या कामासाठी काय केलं हीच पायरी असते. यंत्र आणि पद्धत यांचे क्लेम एकाच मापाने मोजू नका.

'आडवा आस.' एक अंशही कल चालणार नाही का? इंग्लंडमध्ये कॅटनिक खटल्यात हाच वाद होता. दारं-खिडक्यांवरच्या पोलादी लिंटेलच्या क्लेममध्ये मागचा पत्रा 'उभा' असं लिहिलं होतं आणि समोरच्याने तो सहा ते आठ अंश कलवला होता. हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, बांधकामातला माणूस हा शब्द भूमितीच्या पेपरासारखा काटेकोर वाचणार नाही. तो खटला उल्लंघनाचा होता, पण वाचायची रीत नावीन्यालाही तीच. आपल्या वर्णनात तर 'किंचित उतार देता येतो' असं तुम्हीच लिहून ठेवलंय. मग पाच अंश कललेला ड्रम 'आडवा'च.

'छिद्रयुक्त.' पंच केलेला पत्रा नक्कीच. विणलेली तारेची जाळी? फॅब्रिकेटरला विचाराल तर तो म्हणेल, धूळ आणि साल बाहेर पडतेय ना, मग झालं. वर्णनात वेगळं काही नसेल तर जाळीही यात येते असं धरून चला. शंका असेल तिथे नावीन्य तपासताना रुंद अर्थ धरलेला बरा; पेटंट ऑफिसचा परीक्षक तसंच करण्याची शक्यता जास्त.

'लवचीक.' इथे मालक हमखास अडतात. "आमच्या पट्ट्या रबराच्या आहेत, त्यांच्या नायलॉनच्या." पण क्लेममध्ये रबर आहे कुठे? तुम्ही लवचीक लिहिलंत आणि वर्णनात त्याची व्याख्या करताना नायलॉनही दिलंत. नेमका असाच पेच युरोपात 'गॅदर्ड शीट' या दोन शब्दांवरून आला. तंबाखू तापवून ओढायच्या उत्पादनाचं पेटंट होतं. त्या शब्दांचा रूढ अर्थ घेतला तर उत्पादन नवं ठरत होतं. वर्णनात दिलेली रुंद व्याख्या घेतली तर जुन्या कागदातली तंबाखूची गुंडाळलेली शीट त्यात बसत होती. 18 जून 2025 ला युरोपियन पेटंट ऑफिसच्या विस्तारित अपील मंडळाने जी 1/24 हा निर्णय दिला. क्लेम हाच पाया, पण नावीन्य आणि कल्पकता तपासताना वर्णन आणि आकृत्या नेहमी बघायच्या. शब्द संदिग्ध असेल तेव्हाच बघायच्या, असं नाही. हा निर्णय भारतातल्या परीक्षकावर बंधनकारक नाही, पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये सांगितलेल्या रीतीशी तो जुळतो, म्हणून उत्तर लिहिताना उपयोगी पडतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. वर्णन बघायचं म्हणजे वर्णनातलं उदाहरण उचलून क्लेममध्ये कोंबायचं नाही. आकृतीत रबर दिसतं म्हणून क्लेममधला 'लवचीक' आपोआप 'रबर' होत नाही. वर्णन शब्दाचा अर्थ उलगडतं, क्लेममध्ये नसलेली अट नव्याने जोडत नाही. ही रेघ बारीक आहे, आणि निम्मे वाद तिच्यावरच होतात.

आकडे असतील तर काम सरळ असतं. 'ओलावा 8 ते 10 टक्के' असा क्लेम असेल आणि जुन्या कागदात 9 टक्क्यांचं एक उदाहरण असेल, तर '8 ते 10' ही मर्यादा जुनी झाली. 'सुमारे' लिहिलं की कडा आणखी पसरतात. हक्क वाढला म्हणून खूश होऊ नका, 7.8 टक्क्यांचा जुना प्रयोगही आता तुमच्यावर येऊ शकतो.

हळदीचं पेटंट : एका शब्दाची लढाई

शब्दाच्या अर्थावर सगळं कसं अवलंबून असतं हे सांगलीकराला समजावून सांगायला अमेरिकेतल्या हळदीच्या पेटंटइतकं जवळचं उदाहरण नाही. मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला 28 मार्च 1995 रोजी पेटंट क्रमांक 5401504 मिळालं. पहिल्या क्लेमचा आशय असा: रुग्णाची जखम भरून येण्यासाठी हळदीच्या पावडरीच्या परिणामकारक मात्रेचं जखम भरणारं द्रव्य देण्याची पद्धत. त्यातल्या द्रव्याची व्याख्या बंद शब्दांत होती, म्हणजे द्रव्य म्हणून हळदीची पावडरच.

डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे) महासंचालक होते. सीएसआयआरने 1996 मध्ये फेरतपासणी मागितली आणि 32 संदर्भ पुढे ठेवले. त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते आणि 1953 साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापलेला शोधनिबंधही होता. संशोधकांचा बचाव शब्दावर होता: पावडर वेगळी, लेप वेगळा, दोघांचे भौतिक गुण वेगळे, शरीरात शोषलं जाणं वेगळं, पोटातून दिलेली हळद मधाबरोबर होती आणि मधालाही जखम भरण्याचा गुण आहे. म्हणजे 'पावडर' हा शब्द घट्ट धरायचा आणि जुने कागद बाहेर ठेवायचे. परीक्षकाने ते मान्य केलं नाही. जखम भरण्याच्या कामी लेप आणि पावडर सारखेच मानले गेले आणि 1997 मध्ये सगळे क्लेम नाकारले गेले.

आपल्याकडे ही गोष्ट 'परदेशी लोक आपली हळद पळवत होते' अशी सांगितली जाते. माझ्या मते तिचा उपयोगी भाग वेगळा आहे. "हे आमच्या आजीला माहीत होतं" यावर लढाई जिंकली नाही. छापील, तारीख असलेला कागद आणि क्लेममधला शब्द यांची गाठ घालून जिंकली.

भारतात मात्र आजीचंही ऐकलं जातं. कलम 25 खाली विरोध करताना स्थानिक समाजाकडे तोंडी असलेलं ज्ञानही आधार म्हणून चालतं. उद्या कोणी जमिनीखालच्या खड्ड्यात हळद साठवण्याचा क्लेम केला, तर हरिपूरची पेवं पुढे करता येतील. कलम 3 मध्ये पारंपरिक ज्ञान मुळात शोधच मानलं जात नाही, हा आणखी वेगळा अडसर.

पायरी 4 : तारीख आणि कागद

हे झटपट. तुमच्या अर्जाच्या किंवा अग्रक्रमाच्या (याच शोधाचा अर्ज आधी दुसरीकडे केला असेल तर त्या पहिल्या अर्जाच्या) तारखेआधी जगात कुठेही प्रसिद्ध झालेलं सगळं मोजतात: पेटंट अर्ज, पुस्तिका, कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राची शिफारस, यूट्यूब व्हिडिओ. तुमचा स्वतःचा व्हिडिओसुद्धा. कृषी प्रदर्शनात यंत्र मांडून सहा महिन्यांनी अर्ज करायला येणारे बरेच भेटतात. प्रदर्शनाला कायद्यात सूट आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती आणि बारा महिन्यांपुरती. तालुक्याच्या प्रदर्शनाला ती धरून चालू नका. शोधायला भारतीय पेटंट ऑफिसचं इनपास, गुगल पेटंट्स, एस्पेसनेट आणि पेटंटस्कोप ही चारही ठिकाणं फुकट आहेत.

पायरी 5 : एका वेळी एकच कागद

नावीन्याचा नियम कडक आहे. क्लेममधले सगळे घटक एकाच कागदात, एकाच रचनेत सापडले पाहिजेत. दोन कागद जोडून नावीन्य जात नाही. जोडाजोडी ही इन्व्हेंटिव्ह स्टेपची, म्हणजे कल्पकतेची गोष्ट, ती पुढची परीक्षा.

कल्पित कागद पहिला, एक जुनी मराठी पुस्तिका. तारेच्या जाळीचा ड्रम, आडवा शाफ्ट, हाताने फिरवायचा, घर्षणासाठी आत फरशीचे तुकडे टाकायचे. हळद आहे, ड्रम आहे, आस आडवा, जाळी छिद्रयुक्त. पट्ट्या नाहीत, सुटे फरशीचे तुकडे 'बसवलेल्या लवचीक पट्ट्या' होत नाहीत, कितीही ताणलं तरी. पंखा नाही. धूळ जाळीतून आपोआप खाली पडते हे खरं, पण क्लेम धूळ पडण्याचा नाही, धूळ खेचणाऱ्या पंख्याचा आहे. न लिहिलेली गोष्ट कागदात आहे असं म्हणायला ती अपरिहार्यपणे तिथे असावी लागते. 'असूही शकते' चालत नाही. हा कागद नावीन्य घालवत नाही.

कागद दुसरा, अक्रोडाची वाळलेली साल काढण्याच्या यंत्राचा परदेशी अर्ज. पंच केलेल्या पत्र्याचा ड्रम, पाच अंश उतार, आतून रिव्हेट केलेल्या नायलॉनच्या ब्रश-पट्ट्या, धूळ ओढणारा ब्लोअर. छिद्रं 4 मिलिमीटरची, म्हणजे हळकुंड गळत नाही. यंत्र हळकुंडाला चालेल. उतार 'आडव्या'त बसतो. नायलॉन तुमच्याच व्याख्येनुसार लवचीक. ब्लोअर हा धूळ खेचणारा पंखाच. सगळ्या ओळींवर बरोबरची खूण आली. क्लेम नवीन नाही, आणि त्या अर्जात हळदीचा 'ह' नसला तरी नाही.

विशिष्ट आणि सर्वसाधारण यांची दिशा इथे पक्की करून घ्या. जुन्या कागदातलं नायलॉन तुमचा 'लवचीक' मारतं. पण जुन्या कागदात नुसतं 'लवचीक साहित्य' असतं आणि तुमचा क्लेम 'रबर' असता, तर तेवढ्याने रबर जुनं झालं नसतं.

पायरी 6 : तोच अर्थ उलटा लावून बघा

ठरवलेला अर्थ दोन्ही बाजूंनी टिकतो का, हे तपासायचं सोपं साधन आहे. दुसऱ्या कागदातलं यंत्र उद्या इस्लामपूरच्या एखाद्या कारखान्यात बनून बाजारात आलं, तर तुम्ही "माझं पेटंट मोडलं" म्हणाल का? म्हणणार असाल, तर तेच यंत्र आधी होतं तेव्हा तुमचा क्लेम जुना होता, हे मान्य करावंच लागेल. परीक्षकासमोर लवचीक म्हणजे फक्त रबर आणि कोर्टात लवचीक म्हणजे नायलॉनसुद्धा, अशी दुहेरी भाषा चालत नाही. परीक्षकाला दिलेली उत्तरं फाइलमध्ये राहतात आणि समोरचा वकील ती काढतोच.

पायरी 7 : शब्द बदलायचा तर कसा

'लवचीक'च्या जागी 'रबराच्या' घातलं तर दुसऱ्या कागदापासून सुटका होते. कलम 59 नुसार दुरुस्ती हक्क सोडून देणं, चूक सुधारणं किंवा खुलासा करणं याच मार्गाने होते. नवा क्लेम जुन्याच्या हद्दीत पूर्ण बसला पाहिजे आणि त्यातलं सगळं मूळ स्पेसिफिकेशनमध्ये उघड केलेलं पाहिजे. रबर आपल्या वर्णनात आहे, म्हणून हे शक्य आहे. तिथे रबर लिहिलंच नसतं तर आता घालता आलं नसतं. म्हणून मसुदा करतानाच रुंद क्लेमखाली अरुंद क्लेमांच्या पायऱ्या रचून ठेवा: लवचीक, मग रबर, मग अमुक कठीणपणाचं रबर. दहा क्लेमपर्यंत जादा फी नाही. त्यापुढे ऑनलाइन अर्जात वैयक्तिक अर्जदाराला प्रत्येकी 320 रुपये पडतात. त्यात कंजुषी करण्यात अर्थ नाही.

किंमत काय, तेही ओळखा. रबर लिहिल्यावर नायलॉनवाला शेजारी मोकळा. आणि नावीन्य मिळालं म्हणजे पेटंट मिळालं असंही नाही; "नायलॉनच्या जागी रबर घालणं कोणालाही सुचलं असतं" हा आक्षेप लगेच पुढे उभा राहतो. हळकुंडाचं टोक तुटत नाही, रंग उतरत नाही, असा रबराचा काही फायदा मोजून ठेवला असेल तर त्याची तिथे गरज पडेल.

पायरी 8 : अहवालाला उत्तर

महाराष्ट्रातले अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसकडे जातात. पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे परीक्षकाच्या आक्षेपांचं पत्र, आला की उत्तराला सहा महिने असतात, आणि मुदतीतच अर्ज केला तर आणखी तीन. उत्तरात "आमचं यंत्र पूर्णपणे वेगळं आहे" असं लिहिणं म्हणजे कागद फुकट घालवणं. पायरी 2 चा तक्ता जोडा. प्रत्येक ओळीपुढे परीक्षकाने जुन्या कागदातला कोणता परिच्छेद दाखवलाय ते लिहा, त्यापुढे तुमचा अर्थ, आणि त्यापुढे स्पेसिफिकेशनचं पान आणि ओळ. सात ओळी परीक्षकाच्या बरोबर असतील तर सातही कबूल करा आणि आठवीवर दीड पान लिहा. आठवीवरही काही सापडत नसेल तर दुरुस्तीचा क्लेम त्याच उत्तराबरोबर पाठवा. सुनावणीच्या तारखेची वाट बघत बसू नका.